अन्य भाषा आणि शेजारच्याचं ‘आमेन’

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तीन वेगवेगळ्या मंडळ्यांतली, म्हणजे चर्चमधली, माणसं मिळून तुमचा प्रार्थनागट चालतो आणि चार वर्षं तो सुरळीत चालला. मग निम्मे लोक मोठ्याने अन्य भाषांत, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेल्या मानल्या जाणाऱ्या, न शिकलेल्या आणि ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या उच्चारांत, प्रार्थना करू लागले आणि उरलेले अवघडले. एक जण म्हणाला, “ज्याला अन्य भाषा नाही, त्याला आत्मा नाही.” दुसऱ्याने उलट सुनावलं, “हे पवित्र आत्म्याचं नाहीच, भलत्याच कुणाचं आहे.” एक बहीण तीन आठवडे फिरकलेली नाही. तुम्ही विचारता की बरोबर कोण, आणि गट टिकवायचा तर अन्य भाषा बंद करायची का?

बंद करू नका. मोकाट सोडूही नका. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, एकाच चौदाव्या अध्यायात, या दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. गंमत अशी, की प्रत्येक गटाला त्यातली एकच पाठ असते. एकाला १४:३९ येतं, ‘अन्य भाषा बोलण्यास मना करू नका.’ दुसऱ्याला १४:२८ येतं, अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावं. दोहोंमध्ये अंतर आहे जेमतेम अकरा वचनांचं.

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. एकतीस वर्षं पाळक आहे. त्यातली पहिली अकरा अशा मंडळीत गेली, जिथे अन्य भाषा आल्याशिवाय माणूस अर्धवट समजला जाई. नंतरची वर्षं अशा मंडळीत, जिथे ती आली तर माणसाकडे संशयाने बघत. मी स्वतः अन्य भाषांत प्रार्थना करतो, बहुतेक वेळा एकट्याने, पहाटे. दोन्हीकडे मी चुका केल्या आहेत आणि त्या दोन्ही तुमच्या कामाच्या आहेत.

पहिल्या मंडळीतली गोष्ट. उपवास-प्रार्थनेच्या शेवटी आत्म्याने ‘भरण्यासाठी’ लोक पुढे येत. एका तरुण बाईच्या डोक्यावर हात ठेवून आम्ही चौघे तासभर प्रार्थना करत होतो. ती घामाघूम झाली होती. शेवटी मीच तिला म्हणालो, “हालेलूया पटपट म्हणत राहा, जीभ सैल सोड.” थोड्या वेळाने तिच्या तोंडून काही अक्षरं निघाली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. नऊ वर्षांनी ती मला म्हणाली, “पास्टर, ती तीनच अक्षरं होती. मला घरी जायचं होतं, बाळ शेजारणीकडे ठेवलं होतं.” नऊ वर्षं दर रविवारी ती तीच तीन अक्षरं म्हणत होती. थांबली असती तर तिला पुन्हा पुढे बोलावलं असतं.

दुसऱ्या मंडळीत शेवटच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसत. प्रार्थनेच्या वेळी त्यांचे ओठ हलायचे. शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही इतकं हळू. कुणीतरी तक्रार केली. उपासना संपल्यावर मी जाऊन सांगितलं, “इथे ते चालत नाही.” ते “बरं” म्हणाले. पुढच्या रविवारपासून ओठ घट्ट मिटून बसू लागले. गाणीसुद्धा म्हणेनात.

ही दोन माणसं मला अन्य भाषांवरच्या कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त शिकवून गेली. एकीकडून मी खोटं बोलवून घेतलं, दुसऱ्याचं खरं बंद केलं. दोन्ही वेळा मी एकतेच्या नावाखालीच वागत होतो.

म्हणून ‘बरोबर कोण’ हा प्रश्न मी नंतर घेतो. अशा भांडणात भाषा हे बहुतेक वेळा निमित्त असतं. मूळ दुखणं उतरंडीचं असतं: कोण वर, कोण खाली, कोण आतलं, कोण बाहेरचं. करिंथमध्ये हेच चाललं होतं. त्या पत्रात अन्य भाषांचा विषय येण्याआधी काय काय येतं ते बघा. ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा’ अशी गटबाजी. एकमेकांवर कोर्टात फिर्यादी. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घ्यायच्या विधीला, एक जण उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र. अशा मंडळीत आत्म्याचं कुठलंही दान आलं असतं तरी त्याची शिडीच झाली असती. त्यांच्या हाती अन्य भाषा लागली, एवढंच.

आता चौदाव्या अध्यायातल्या एका ओळीवर थांबू या. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. १४:१६ मध्ये पौल विचारतो: तू आत्म्यात देवाचे आभार मानतोस, पण ज्याला यातलं काही कळत नाही अशा साध्या माणसाच्या जागेवर जो बसला आहे, तो तुझ्या उपकारस्तुतीला ‘आमेन’ कसा म्हणेल? तू काय बोललास हेच त्याला कळलेलं नाही. पुढच्या वचनात तो लगेच मान्य करतो की तू उपकारस्तुती चांगलीच करतोस, पण दुसऱ्याची उन्नती होत नाही.

म्हणजे प्रार्थना खोटी आहे असं पौल म्हणत नाही. ती सैतानाची आहे असंही म्हणत नाही. चांगली आहे म्हणतो, आणि तरीही अडवतो. त्याचं लक्ष बोलणाऱ्यावरून उठून बाजूच्या जागेवर जातं. तिथे बसलेल्याला ‘आमेन’ म्हणता आलं का? सगळा अध्याय या एका प्रश्नाभोवती फिरतो. बासरी आणि वीणा यांच्या सुरांत फरक कळला नाही तर काय वाजतंय ते कसं समजणार, रणशिंगाचा आवाज अस्पष्ट निघाला तर लढाईला कोण तयार होणार, हे दाखले त्यासाठीच आहेत. अकराव्या वचनात तर तो म्हणतो की भाषेचा अर्थ कळला नाही तर बोलणारा मला परका आणि मी बोलणाऱ्याला परका. एकाच मंडळीत, एकाच भाकरीचे वाटेकरी, आणि एकमेकांना परके! तुमच्या गटात तीन आठवड्यांपूर्वी नेमकं हेच घडलं असणार.

आमेन म्हणजे मागून पुटपुटायचा शब्द नव्हे. दुसऱ्याच्या प्रार्थनेखाली आपली सही करणं म्हणजे आमेन. न वाचलेल्या कागदावर सही कोण करेल?

याच निकषावर दुसरी बाजूही तपासा. जो भाऊ म्हणाला की हे भलत्याच कुणाचं आहे, त्याने तरी दुसऱ्याच्या प्रार्थनेला ‘आमेन’ म्हणायची वाट ठेवली का? न समजलेली गोष्ट त्याने थेट सैतानाच्या खात्यावर टाकली. पौल स्वतः म्हणतो, मी तुम्हां सर्वांपेक्षा अधिक भाषांत बोलतो, त्याबद्दल देवाचे आभार मानतो. पुढच्याच श्वासात म्हणतो, तरी मंडळीत दहा हजार शब्द अन्य भाषेत बोलण्यापेक्षा इतरांना शिकवण्यासाठी पाच शब्द समजून-उमजून बोलणं मला बरं वाटतं. या माणसाला त्या भावाने काय म्हटलं असतं?

आता ‘ज्याला अन्य भाषा नाही, त्याला आत्मा नाही’ या वाक्याकडे येतो. हे वाक्य ज्या सिद्धांतातून येतं तो मला ठाऊक आहे, मी तो अकरा वर्षं शिकवलाय. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पेन्टेकॉस्टच्या सणाला, कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी आणि इफिस शहरात आत्मा उतरला तेव्हा लोक अन्य भाषांत बोलले, म्हणून ती आत्म्याच्या बाप्तिस्म्याची पहिली खूण, असा तो तर्क. लक्षात घ्या, तो मांडणाऱ्यांपैकी विचारी लोकही ‘आत्मा नाही’ असं म्हणत नाहीत. तारण वेगळं आणि आत्म्याने भरणं वेगळं, असं ते म्हणतात. तुमच्या गटातल्या भावाने सिद्धांतसुद्धा अर्धाच उचललाय.

आणि सिद्धांतापुढेही अडचणी आहेतच. पेन्टेकॉस्टच्या दिवशी तीन हजार लोकांचा बाप्तिस्मा झाला, ते अन्य भाषांत बोलले असं लिहिलेलं नाही. शोमरोन प्रांतात आत्मा मिळाल्याचं डोळ्यांना दिसलं, इतकं की जादूगार शिमोन पैसे घेऊन आला. पण तिथे अन्य भाषांचा उल्लेख नाही. आणि १ करिंथ १२:३० मध्ये पौल विचारतो, ‘सर्वच अन्य भाषा बोलतात काय?’ मूळ ग्रीकमध्ये या प्रश्नाची घडणच अशी आहे की उत्तर ‘नाही’ असंच अपेक्षित आहे. पौल तिथे मंडळीत वापरायच्या दानाबद्दल बोलतोय, खुणेबद्दल नाही, असं उत्तर मी स्वतः कैक वेळा दिलं आहे. आज मला ते ओढूनताणून आणलेलं वाटतं. तुम्हाला पटलं नाही तरी हरकत नाही.

पण कर्नेल्याच्या घरचा प्रसंग सोडून पुढे जाऊ नका. एकतेच्या दृष्टीने त्याच्याइतका मोलाचा प्रसंग दुसरा नाही. प्रेषित पेत्राबरोबर आलेले सुंती, म्हणजे यहुदी, विश्वासी थक्क झाले ते कशाने? परराष्ट्रीयांवरही आत्म्याचा वर्षाव झाला याने. ते अन्य भाषांत बोलताना ऐकू आले, आणि पेत्र म्हणाला, आपल्यासारखाच यांनाही पवित्र आत्मा मिळाला, मग यांना पाण्याने बाप्तिस्मा देण्यापासून कोण अडवणार? पुढे यरुशलेमेत त्याला जाब विचारला गेला तेव्हा त्याने हीच साक्ष काढली. तिथे अन्य भाषेने काय काम केलं बघा. बाहेरचे समजले जाणारे आतले आहेत, हे तिने आतल्यांना पटवलं. दार उघडलं. आपल्या सभांमध्ये तीच भाषा आतल्यांना बाहेरचं ठरवायला वापरली जाते.

दाराचीच आणखी एक गोष्ट सांगतो, कारण अन्य भाषांसारखी दानं आजही मिळतात असं मानणाऱ्या पेन्टेकॉस्टल चळवळीचा इतिहास आपल्याकडे फार गोड करून सांगतात. १९०१ साली अमेरिकेत कॅन्ससमधल्या टोपेका गावी चार्ल्स पारहम यांच्या बायबलशाळेत अन्य भाषा हीच खूण, हे मत पक्कं झालं. पुढे ह्यूस्टनमध्ये विल्यम सीमोर हा कृष्णवर्णीय प्रचारक त्यांच्या वर्गाला आला. वर्णभेदाच्या रिवाजामुळे त्याला वर्गाबाहेर बसून ऐकावं लागलं. दाराबाहेर बसून शिकलेला हा माणूस १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर सभा घेऊ लागला. तिथे काळे-गोरे एकत्र गुडघे टेकत, त्या काळी ही गोष्ट अन्य भाषांइतकीच अचंब्याची होती. त्याच वर्षी पारहम तिथे आले आणि हे एकत्र येणंच त्यांना खटकलं. दोघांचं फाटलं. ज्यांनी खूण शिकवली त्यांनाच खुणेमागचा आत्मा काय करतोय ते दिसेना, असं मला कधी कधी वाटतं. पुढे सीमोर स्वतःच सांगू लागले की प्रीतीचं फळ नसेल तर नुसती भाषा हा पुरावा नव्हे. चळवळ मात्र वर्णावरून दुभंगलीच. १९९४ मध्ये मेम्फिस शहरात गोऱ्या पेन्टेकॉस्टल संस्थांनी आपला जुना महासंघ मोडून कृष्णवर्णीयांबरोबर नवा उभारला आणि एका गोऱ्या पाळकाने कृष्णवर्णीय बिशपचे पाय धुतले. अठ्ठ्याऐंशी वर्षं लागली. मधल्या काळात अन्य भाषा दोन्हीकडे चालू होत्या.

केडगावला पंडिता रमाबाईंनी चालवलेल्या मुक्ती मिशन या आश्रमात १९०५ पासून संजीवन, म्हणजे भक्तीची नवी लाट, आलं, त्यातही अन्य भाषा ऐकू आल्या. रमाबाईंनी त्यांना विरोध केला नाही, आणि प्रत्येकाकडे असलीच पाहिजे अशी खूण म्हणूनही त्या मानल्या नाहीत. मुली भाषांत प्रार्थना करणाऱ्या होत्या आणि न करणाऱ्याही होत्या, छप्पर एकच होतं. तुमचा गट काही जगावेगळं करायला निघालेला नाही.

आता ज्यांना हे दान प्रेषितांबरोबर संपलं असं वाटतं, त्यांच्याविषयी. त्यांना ‘थंड’ म्हणून मोकळं होऊ नका. चौथ्या शतकातला नामवंत उपदेशक ख्रिसोस्तोम करिंथच्या पत्रावर उपदेश करताना म्हणतो की हा भाग कळायला अवघड आहे, कारण त्या काळी घडायच्या त्या गोष्टी आता घडत नाहीत. अंदाधुंदी पाहून घाबरलेले पुष्कळ लोक या मताला येऊन टेकतात, आणि ती अंदाधुंदी आमच्यासारख्यांनीच केलेली असते. मात्र ते त्याच पत्रातल्या १३:८ चा जो आधार देतात तो मला कच्चा वाटतो. भाषा समाप्त होतील असं तिथे आहे, पण त्याच ओळीत ज्ञानही नाहीसं होईल असं आहे, आणि पुढे ‘समोरासमोर’ पाहण्याची गोष्ट आहे. आपण अजून तिथवर पोहोचलेलो नाही.

तुमच्यातला एक तरुण म्हणतो, ‘ही खरी भाषा आहे का ते रेकॉर्ड करून तपासू या.’ त्याला सांगा, हे काम झालेलं आहे. विल्यम सॅमरिन या भाषाशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या देशांतल्या सभा ऐकून १९७२ मध्ये मांडलं की या उच्चारांत बोलणाऱ्याच्या ओळखीच्या भाषेतलेच ध्वनी येतात आणि माणसांच्या भाषेसारखं व्याकरण सापडत नाही. हा वेडेपणाचा प्रकार आहे असंही त्याने म्हटलं नाही. अझुसा स्ट्रीटवरून निघालेलं गार दांपत्य आपल्याला बंगाली मिळाली आहे अशा विश्वासाने कलकत्त्याला पोहोचलं. ती बंगाली नव्हती. ते लगेच परत गेले नाहीत, समजेल अशा भाषेत सेवा करत राहिले. मला या गोष्टीची लाज वाटत नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी ऐकणाऱ्यांना दुभाष्याशिवाय कळलं आणि करिंथमध्ये अर्थ सांगणाऱ्याशिवाय कुणालाच कळेना. नव्या करारातच दोन प्रकार दिसतात. खाजगी प्रार्थनेत जीभ शब्दांपाशी अडते आणि तरी मन देवापुढे मोकळं होतं, एवढं मला पुरतं. मात्र त्याच्या जोरावर मी दुसऱ्याला आज्ञा देऊ शकत नाही.

गटात काय करायचं ते सांगतो. मी दोन मिश्र गटांत हे करून पाहिलं आहे. एकात जमलं, एकात अर्धंच जमलं.

सभा सुरू होण्याआधीचा अर्धा तास ज्यांना मोकळेपणाने, हव्या त्या रीतीने प्रार्थना करायची त्यांच्यासाठी ठेवा. मुख्य सभेत मोठ्याने होणारी प्रार्थना सगळ्यांना समजेल अशा भाषेत. कुणाचे ओठ आपल्यापुरते हलत असतील तर हलू द्या, माझ्यासारखं जाऊन सांगू नका. कुणी मोठ्याने अन्य भाषेत बोललंच तर चालवणाऱ्याने थांबून शांतपणे विचारावं, “याचा अर्थ कुणाला मिळाला आहे का?” मिनिटभर वाट पाहावी. नाही आला तर पुढे जावं, आणि त्या माणसाने त्या सभेत पुन्हा मोठ्याने बोलू नये. दोन, फार तर तीन, तेही एकामागून एक, हा पौलाचा हिशेब आहे, माझा नाही. “मला आवरलंच नाही” ही सबब ऐकू नका. अर्थ सांगणारा नसताना गप्प राहा असं पौल सांगतो, म्हणजे गप्प राहता येतं.

अर्थ म्हणून जे सांगितलं जाईल तेही डोळे मिटून घेऊ नका. कुणाचं लग्न, कुणाची नोकरी, कुणाचं गुपित पाप असला ‘अर्थ’ निघू लागला तर तिथल्या तिथे थांबवा. अशा एका ‘संदेशा’वरून एक घर मोडताना मी पाहिलं आहे. आणि अक्षरं शिकवणं, जीभ सोडवणं, पुढे बोलावून घेरणं हे तर सरळ बंदच करा. त्या तीन अक्षरांची मला अजून लाज वाटते.

उलट बाजूने, सभेत ‘हे सैतानाचं’ असं कुणी म्हणू नये, घरी जाताना रस्त्यातही नाही. ज्याला शंका आहे त्याने त्या भावाशी एकट्याने बोलावं.

एवढं करूनही काही जण म्हणतील, आम्हाला मोठ्यानेच हवं. मग त्यांनी आपली वेगळी सभा करावी, त्यात पाप नाही. असेंब्लीज ऑफ गॉड या पेन्टेकॉस्टल संस्थेच्या सुरुवातीच्या पुढाऱ्यांपैकी बॉस्वर्थ यांना ‘अन्य भाषा हीच एकमेव खूण’ हे मत पटेना, म्हणून १९१८ मध्ये ते बाहेर पडले. चिखलफेक करून नाही, आपलं म्हणणं त्यांच्यासमोर मांडून. वेगळ्या सभा झाल्या तरी प्रभुभोजन महिन्यातून एकदा एकत्र घ्या. ते तुटलं की मग पुन्हा सांधायला पिढी लागते. आत्म्याचं ऐक्य ‘राखा’ असं इफिसकरांच्या पत्रात आहे, ‘घडवा’ असं नाही. ते आधीच दिलेलं आहे, आपण फक्त ते फाडू नये.

पुढच्या सभेत मतं मांडू नका. चौदावा अध्याय पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचा. अर्धा अन्य भाषा बोलणाऱ्याने, अर्धा न बोलणाऱ्याने. मग एवढंच विचारा, “गेल्या महिन्यात तुम्हाला कुठल्या प्रार्थनेला आमेन म्हणता आलं नाही?” दोन्हीकडून उत्तरं येतील. ऐकून घ्या, त्या दिवशी निवाडा करू नका.

आणि ती बहीण. सभेच्या आधी तिच्याकडे जा, एकट्याच जा. तिच्या डोक्यावर हात ठेवायला उत्सुक असलेलं कुणी बरोबर नेऊ नका. तिला समजावू नका. कशासाठी प्रार्थना करू ते विचारा आणि तिच्याच शब्दांत ती देवापुढे मांडा, छोटी. मग थांबा. ती आमेन म्हणाली तर चहा घेऊन निघा. नाही म्हणाली तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.